घरात जाऊन मनाबद्दल विचारायचंय? मग आधी एवढं करा

या वर्षी एमएच्या ज्युनिअर्सनी प्रबंधासाठी सासर, एकत्र कुटुंब, ताण असले विषय भरपूर घेतलेत, आणि सगळ्यांना वेगवेगळी व्हॉइस नोट पाठवून घसा बसला माझा, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी विषय छोटा करा. ‘महाराष्ट्रातील कुटुंब आणि मानसिक आरोग्य’ हा विषय नाही, ती निवडणुकीची घोषणा आहे. नवरा मुंबईला कामाला आणि बायको गावी सासरी, अशा एका तालुक्यातल्या दहा जणी, बास झालं. प्रस्तावनेत आकडे हवेत म्हणून २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण उचलून ‘आपल्या राज्यात इतके टक्के’ असं लिहू नका, त्यात १२ राज्यं होती आणि महाराष्ट्र त्यात नव्हताच.

एथिक्स कमिटीचा (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) अर्ज आजच भरा, गाइड ‘बघू’ म्हणाले तरी मागे लागा, कारण परवानगीच्या आधी घेतलेली मुलाखत कितीही भारी झाली तरी वापरता येत नाही. १८ च्या आतलं कोणी असेल तर आईवडिलांची संमती लागते आणि त्या पोराचा स्वतःचा होकारही.

संमतीपत्राचं म्हणाल तर कागद आणि सही म्हटलं की घरात सगळे सावध होतात, जमिनीचं आहे का, कर्जाचं आहे का. म्हणून कागद शेवटी काढायचा, आधी चहा, मग कशासाठी आलोय ते साध्या भाषेत, मग वाचून दाखवायचं. ‘मधेच नको वाटलं तर थांबू’ हे तोंडी पण सांगा.

आता मेन गोष्ट, शब्द. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची लक्षणं विचारणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली, फुकट आहे, परवानगी लागत नाही, पण नुसती प्रश्नावली हातात देऊन काम होत नाही. ‘नैराश्य’ विचारलं की नाही म्हणतील, आणि पुढच्याच वाक्यात ‘घर खायला उठतं’, ‘जीव घाबराघुबरा होतो’, ‘डोकं जड असतं गं सारखं’ म्हणतील. हे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवा, शुद्ध मराठी करायला जाऊ नका. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे पण अनेकांना पकडता येत नाही, तिथं ‘गेले दोन बाजार’ म्हणा, आठवडी बाजार कुठल्या वारी भरतो ते आधी विचारून ठेवा. आणि आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाचा जुना प्रश्न नक्की ठेवा, तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे सुरू झालं? ‘बाहेरचं झालंय’ असं उत्तर आलं तर हसू नका, दुरुस्त पण करू नका, आधी देवऋषी मग तालुक्याचा डॉक्टर हा क्रमच तुमचा डेटा आहे.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करायच्या विचारांचा. त्याला ‘हो’ आलं तर काय करायचं हे जायच्या आधी गाइडबरोबर लिहून ठेवा, कोणाला फोन, किती वेळात, तिला एकटं सोडून निघायचं नाही, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर छापलेली चिठ्ठी सोबत. आणि स्कोअर १० आला म्हणून ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ असं बोलायचं नाही हां, ते स्क्रीनिंग आहे, म्हणजे नुसती प्राथमिक चाळणी, निदान नाही.

सून बोलायला बसली की सासूबाई दारात भाजी निवडायला येणार, हे धरूनच चला. एकटं जाऊ नका, मैत्रिणीला न्या, तिनं आजींना त्यांच्या तरुणपणाबद्दल विचारत ओट्यावर बसवायचं (आजी पण खुलतात, खरं सांगते, कधी कधी त्यांचंच बोलणं जास्त ऐकण्यासारखं निघतं, पण ते वापरायचं तर त्यांचीही संमती घ्या). पेरणी-कापणीत, गणपतीत जाऊ नका. स्वतःच्या मावशीची मुलाखत तर अजिबात नको.

नाव बदललं की झालं असं नसतं, ‘अंगणवाडी सेविका, नवरा मिलिट्रीत’ एवढ्यावर अख्खं गाव ओळखतं, तेव्हा असे तपशील ढवळून टाका.

बाकी किरकोळ, फोन फ्लाइट मोडवर टाकून रेकॉर्डिंग, पॉवर बँक, सुट्टे पैसे. एका तासाचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायला पाच-सहा तास सहज जातात, त्यामुळे दहा मुलाखती म्हणजे सबमिशनच्या आधीचा महिना मोकळा ठेवा, लग्नाकार्याला आत्ताच नाही सांगून टाका.