जस्ताचा गहू, लोहाची बाजरी: या चुका टाळा

दाण्यात लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी खरिपाची आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण दसरा जवळ आला की रब्बीत पेरायला तिचं बियाणं मागणारा कुणीतरी भेटतोच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आणि इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने २०१८ मध्ये हे वाण दिलं. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असतं. नेहमीच्या ज्वारीत साधारण ३० आणि २०. रब्बीला आपली मालदांडी किंवा परभणी मोती आहे, तीच पेरा.

बाजरीत चूक होते घरच्या बियाण्याची. 'एएचबी १२०० एफई' आणि 'एएचबी १२६९ एफई' हे जास्त लोहाचे संकरित वाण याच विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगरच्या संशोधन केंद्राचे. पहिल्यात किलोला ७३ मिलिग्रॅम लोह, दुसऱ्यात ९१. पण संकरित म्हटल्यावर बियाणं दरवर्षी नवीनच घ्यावं लागतं. घरचं पेरलं की झाडं उंच-बुटकी निघतात, उतारा घटतो आणि लोहाचा भरवसा राहत नाही. बी घरीच धरायचं असेल तर 'धनशक्ती' घ्या, ते संकरित नाही, सुधारित वाण आहे. तरीही बाजरीचे पराग वाऱ्यावर लांब जातात. शेजारच्या बाजरीपासून २०० मीटर अंतर नसेल, तर तुमच्या कणसात शेजाऱ्याचंही रक्त येणार. मी बियाण्यासाठी कणसं नेहमी वावराच्या मधोमध निवडतो, बांधाजवळची कधीच नाही.

आता जस्ताची फवारणी. या एका चुकीने मी वैतागलोय.

जालन्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा गहू ओंबीवर होता. दुकानदार म्हणाला, एकाच फवाऱ्यात सगळं उरकून टाक. त्याने एकाच ड्रममध्ये झिंक सल्फेट, म्हणजे जस्ताचं खत, आणि १२:६१:०० हे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) विरघळणारं खत कालवलं. बोअरचं पाणी जड, त्यामुळे थोड्याच वेळात पाणी पांढुरकं झालं आणि नोझल तुंबू लागलं. त्याने द्रावण फडक्याने गाळलं आणि फवारणी पूर्ण केली. नंतर फोन आला, "सर, झिंक मारलं, पण काहीच फरक नाही." मी म्हणालो, "भाऊ, झिंक तुमच्या फडक्यात राहिलं."

स्फुरद आणि जस्त एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो. डीएपी हेही स्फुरदाचंच खत, त्याच्या पोत्यात झिंक सल्फेट मिसळून पेरलं तरी तेच. जमिनीतून द्यायचं तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या, डीएपीपासून वेगळं. फवारणीसाठी मी १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम घेतो आणि त्याच्या निम्म्या चुन्याची निवळी टाकतो, म्हणजे पानं करपत नाहीत. हे माप २१ टक्क्यांच्या झिंक सल्फेटचं. ३३ टक्क्यांचं असेल तर कमी लागतं, म्हणून पोतं वाचा.

वेळेचीही घाई नडते. नवखे लोक महिन्याच्या पिकावर फवारतात, पान हिरवं झालं की खूश. त्याने पीक सुधारतं, दाण्यातलं जस्त फारसं वाढत नाही. दाण्यासाठी फवारा ओंबी बाहेर पडल्यानंतर आणि दाण्यात चीक भरताना द्यावा लागतो, तोही ऊन उतरल्यावर. एका फवाऱ्यात दोन्ही कामं साधतील म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

लोहासाठी हा मार्ग नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात टाकलेलं हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट) काही दिवसांत तांबूस पडतं, मग मुळांना ते घेता येत नाही. पानावर मारलं तर पान हिरवं होतं, दाण्यापर्यंत मात्र फार थोडं पोचतं. म्हणून जस्त फवाऱ्यातून, लोह वाणातून.

ज्वारी-बाजरी पॉलिश करून आणू नका, लोह-जस्ताचा मोठा वाटा वरच्या थरात आणि अंकुरात असतो.

आणि भाकरीबरोबर चहा नको. चहातले टॅनिन लोह शरीरात जाऊ देत नाहीत, चहा तासाभराने घ्या. जेवताना लिंबू पिळा किंवा आवळ्याचं लोणचं घ्या. लहान मुलांना आंबील द्या, आंबवल्याने धान्यातलं, लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि लोह-जस्त अंगी लागतं.