क्रिप्टिक शब्दकोडं अडतंय? या चुका टाळा

क्रिप्टिक कोड्यात सूत्राचा वरवरचा अर्थ फसवा असतो, कंसातला आकडा उत्तराची अक्षरं सांगतो. ‘गोरेवाड्यात दडलेली नदी (२)’ हे शोधसूत्र नागपूरकरापुढे ठेवा, तो हटकून ‘पिली’ म्हणेल. पिली नदी गोरेवाड्याकडूनच येते, अक्षरंही दोनच. तरी उत्तर चूक. ‘दडलेली’ हा शब्द नकाशात नव्हे, अक्षरांत शोधायला सांगतोय: गो-रे-वा-ड्या-त. उत्तर ‘रेवा’, म्हणजे नर्मदा.

सर्वांत महागात पडणारी चूक हीच, वाक्याच्या वरवरच्या अर्थाला भुलणं. सूत्राच्या एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात शब्दखेळ. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी पोचल्या, तरच पेन उचला. नुसती घरं भरतात म्हणून ‘पिली’ लिहिलंत, की तिला छेदणारे उभे शब्द अडतात आणि आपण भलत्याच सूत्रावर डोकं फोडत बसतो. कोड्याचा एखादा कोपरा सुटतच नसेल, तर शब्दखेळ न उलगडता भरलेला शब्द आधी खोडा.

दुसरी चूक, छोटे शब्द भरतीचे समजणं. ‘घाणीत हा शिरला, झाला राजवाडा (३)’. घाण म्हणजे मल, त्यात खरोखरच ‘हा’ घाला: महाल. ‘झिमेनीझ’ या टोपणनावानं कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट यांनी १९६६ च्या पुस्तकात मांडलेल्या नियमांचं, त्यांच्यानंतरचे कोडेकार ‘अझेड’ यांनी काढलेलं सार मला आजही सर्वांत न्याय्य वाटतं: अचूक व्याख्या, शब्दखेळाचा प्रामाणिक इशारा, आणि बाकी काही नाही.

इंग्रजी कोड्यांवर हात बसलेले लोक मराठीत अक्षर फोडायला जातात. आपल्याकडे एका घरात काना-मात्रेसह, जोडाक्षरासह अख्खं अक्षर बसतं. ‘स्वातंत्र्य’ तीनच घरांत मावतं. ‘वेल उलटली, ठेका सापडला (२)’ यात लता उलटते तेव्हा काना ‘त’बरोबरच जातो, म्हणून ‘ताल’. ठेका म्हणजे कंत्राट धरून बसलात, तर तो सापडायचा नाही.

इशाऱ्याचे शब्द ओळखायला शिका. ‘विस्कटलेलं’, ‘बिघडलेलं’ आलं की अक्षरांची अदलाबदल करून पाहा, ‘म्हणे’ किंवा ‘ऐकलं’ आलं की शब्द मोठ्यानं उच्चारा.

आता हे सोडवा: ‘देवीमागे छोटासा झरा, नागपुरातला तलाव (४)’. व्याख्या शेवटी आहे.