किचनर-वॉटर्लूला नवीन आलात? उन्हाळ्यातला एक रविवार क्लिंटनच्या घोड्यांना द्या

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात किचनर, वॉटर्लू, केंब्रिज, ग्वेल्फ या भागात नवीन आलेल्या मंडळींना माझं एकच सांगणं असतं, नायगरा आणि सीएन टॉवर एकदा बघून झाला ना, मग आता टोरांटोच्या उलट्या दिशेला गाडी काढा. हायवे ८ धरायचा, स्ट्रॅटफर्ड, मिचेल, सीफोर्थ करत पश्चिमेला जायचं, दोन्ही बाजूला मका आणि सोयाबीन, आणि साधारण सव्वा तासात क्लिंटन नावाचं छोटंसं गाव येतं. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी तिथं हार्नेस रेसिंग असतं, म्हणजे घोड्याच्या मागे दोन चाकांची हलकी गाडी जोडतात, त्यावर ड्रायव्हर पाय पसरून बसतो आणि शर्यत लागते. गाडीला सल्की म्हणतात. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सचं चित्र डोक्यात असेल तर ते बाजूला ठेवा, इथं घोड्यावर जॉकी नसतो, टोप्या-सूटबूट नसतात, मेंबर लोकांचं वेगळं स्टँड वगैरे काही नसतं. शेतकरी, आजी-आजोबा, कडेवर पोरं घेतलेले आईबाप, सगळे एकाच बाकावर.

आता कोणी म्हणेल की घोड्यांच्या शर्यती म्हणजे जुगार, मुलाबाळांना घेऊन कशाला जायचं. हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर खाली लिहिलंय, पण आधी बघायचं काय ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर अर्ध्या तासात कंटाळून लोक फोन काढून बसतात.

हे घोडे स्टँडर्डब्रेड जातीचे. १८७९ मध्ये अमेरिकेत ब्रीडर लोकांनी ठरवलं की एक मैल ठराविक वेळेत, तेव्हा अडीच मिनिटांत, जो पळेल तोच घोडा या जातीत नोंदवायचा, त्या स्टँडर्डवरनं हे नाव पडलं. पळायची पद्धत दोन प्रकारची. ट्रॉटर म्हणजे आपली दुडकी चाल, पुढचा डावा पाय आणि मागचा उजवा एकदम. पेसर मात्र एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, त्यामुळे समोरून बघितलं की तो डावी-उजवीकडे झुलत येतोय असं वाटतं. पेसरच्या पायांना बहुतेक वेळा पट्टे बांधलेले दिसतील, ते चाल टिकावी म्हणून असतात. नियम असा की घोड्यानं चौखूर उधळायचं नाही. चाल मोडली की ड्रायव्हरला त्याला बाजूला घेऊन, हळू करून परत चालीवर आणावं लागतं आणि तेवढ्यात बाकीचे निघून जातात. नुसता जोर काढून इथं भागत नाही, जोर आवरूनही धरावा लागतो, आणि हे एकदा डोळ्याला दिसायला लागलं की शर्यत बघायची मजाच वेगळी.

सुरुवात पण बघण्यासारखी असते. एक मोटारगाडी ट्रॅकवर पुढे चालते, तिला दोन्ही बाजूंनी लांब पंख असतात, घोडे त्या पंखांच्या मागे रांगेत पळत येतात, गाडी वेग वाढवते, रेषेपाशी पंख मिटतात आणि गाडी सुसाट निघून बाजूला होते. पोरं यावरच फिदा असतात. क्लिंटनचा ट्रॅक अर्ध्या मैलाचा, शर्यत एक मैलाची, म्हणजे दोन फेऱ्या, म्हणजे घोडे दोन वेळा तुमच्या समोरून जातात, ताशी पन्नासेक किलोमीटरनं, तेही कुंपणाला टेकून उभं राहिलात तर इतक्या जवळनं की चाकांचा आणि श्वासाचा आवाज येतो. दोन मिनिटांच्या आसपास सगळं आटोपतं. मग पुढची शर्यत लागेपर्यंत निवांत वेळ. हा मधला वेळच मला सगळ्यात आवडतो, पण त्याबद्दल पुढे.

वेगाचा अंदाज यावा म्हणून एक सांगतो, १६ जुलै २०२२ ला अमेरिकेत न्यू जर्सीच्या मेडोलँड्स ट्रॅकवर बुलडॉग हॅनोव्हर नावाच्या पेसरनं एक मैल १ मिनिट ४५ सेकंद आणि ४ पंचमांश सेकंदात काढला, त्याआधी १ मिनिट ४६ च्या आत कोणीच आलं नव्हतं. त्याचा ट्रेनर जॅक डार्लिंग आपल्या ऑन्टारियोचा. इथल्या कुठल्याही रेसवाल्या माणसासमोर हे नाव काढा, पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही, फक्त ऐकायचं.

पैशांचं आता. दोन डॉलरची बेट लावता येते. विन म्हणजे घोडा पहिला आला पाहिजे, प्लेस म्हणजे पहिल्या दोनात, शो म्हणजे पहिल्या तिनात. सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, त्यातून ठरलेला हिस्सा कापतात आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात, म्हणून कुठल्या घोड्यावर किती मिळतील ते बोर्डवरचे आकडे शर्यत सुटेपर्यंत बदलत राहतात. यावर लक्ष ठेवणारी कॅनेडियन पॅरी-म्युच्युअल एजन्सी केंद्राच्या शेती खात्यात येते. वय १८ पूर्ण पाहिजे, त्याखालच्यांनी बेट लावायची नाही, आईबापांनी त्यांच्या नावानं पण नको. माझा नियम सांगतो आणि कृपा करून पाळा, घरून निघताना ठराविक कॅश खिशात घ्या, माणशी दहा-वीस डॉलर, ते संपले की खिडकीकडे जायचं नाही, कार्ड काढायचं नाही. ते पैसे सिनेमाच्या तिकिटासारखे गेलेलेच धरायचे. विशेषतः कॉलेजच्या मुलांना कळकळीनं सांगतो, फी आणि भाड्याच्या पैशांना हात लावू नका, आणि काही रेसट्रॅकला लागून स्लॉट मशीनचे कसिनो असतात तिकडे तर वळूच नका. बेट न लावता पूर्ण दुपार छान जाते, कोणी विचारत पण नाही.

लावायचीच असेल तर प्रोग्रॅम घ्या, त्यात प्रत्येक घोड्याच्या मागच्या शर्यती असतात. सगळे आकडे समजून घ्यायच्या भानगडीत पहिल्या दिवशी पडू नका. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर आतल्या बाजूनं सुटणाऱ्यांचा फायदा असतो, कारण वळणं लवकर येतात आणि बाहेरून जाणाऱ्याला जास्त अंतर पळावं लागतं, तेवढं बघा. मागच्या शर्यतीत चाल मोडली होती का ते बघा. बाकी शेजारच्या आजोबांना विचारा.

आणि हाच तो मधला वेळ. ऑफिसात आपल्याला भेटतात ते आपल्यासारखेच बाहेरून आलेले इंजिनियर, अपार्टमेंटमध्ये पण तेच, वर्ष-दोन वर्षं राहून पण या प्रांतातल्या शेतीवाल्या माणसाशी एक वाक्य बोललो नाही असे कितीतरी जण मला माहीत आहेत. ट्रॅकवर बोलायला विषय आयता समोर पळत असतो. तुमच्या मते कुठला, एवढं विचारलं की माणूस सरकून जागा देतो. इथं घोडेवाले बरेचसे घरगुती आहेत, बाप ट्रेनर, मुलगी घोडा खरारा करणार, मुलगा ड्रायव्हर, आठवडाभर दुसरी नोकरी आणि पहाटे-संध्याकाळी तबेला. इथल्या प्रांत सरकारनं १९९८ पासून स्लॉट मशीनच्या कमाईतला वाटा ट्रॅकना देऊन हा धंदा उभा ठेवला होता, ती योजना मार्च २०१३ ला बंद केली, त्यानंतर काही ट्रॅक गेले, बऱ्याच लोकांनी घोडे विकले. हे लोक ते अजून मनाला लावून बोलतात. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत खेड-मंचरकडच्या घरांत काय वातावरण होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे बोलणं लगेच कळेल, कारणं वेगळी होती, पण दावणीला जनावर आणि शर्यत नाही हे दुःख ओळखीचं आहे.

तयारीचं पटकन. गाडी हवीच, बसनं जमत नाही. टोपी, सनस्क्रीन, पाणी, आईवडील आलेले असतील तर घडीच्या खुर्च्या आणि उशी. शाकाहारी लोकांनी फ्राइज घ्याव्यात, पण पुटीन (फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही) घेताना ग्रेव्हीचं विचारा, ती बहुतेक वेळा बीफ किंवा चिकनची असते. मी तरी घरून थेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. शर्यत सुरू व्हायच्या तासभर आधी पोचा म्हणजे वॉर्मअप बघता येतो. तबेल्याकडे परवानगीशिवाय जायचं नाही, घोड्याच्या मागून जायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, हे मुलांना गाडीतच समजावून ठेवा. निघायच्या आधी त्या सीझनचं वेळापत्रक तपासा, आणि ऑगस्टमध्ये क्लिंटनला लेजंड्स डे असतो, रिटायर झालेले जुने नामवंत ड्रायव्हर परत सल्कीवर बसतात, जमलं तर तोच दिवस धरा. मिल्टनजवळ वुडबाइन मोहॉक पार्क आहे, नॉर्थ अमेरिका कप ही पेसरांची मोठी शर्यत तिथंच होते, मोठे घोडे मोठे पैसे, पण तिथल्या शर्यती रात्रीच्या, लहान मुलं असतील तर आधी क्लिंटनच करा.

शर्यती संपल्या की लगेच घरी पळू नका, तसंच पुढे वीसेक मिनिटांवर गॉडरिच आहे, लेक ह्युरनचा किनारा, तिथला सूर्यास्त बघूनच परत फिरा. येताना मिलव्हर्टन-मिलबँकच्या बाजूनं आलात तर रस्त्याच्या कडेनं आमिश आणि मेनोनाइट या जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांच्या काळ्या बग्ग्या लागतील, रविवार असल्यामुळे जास्तच. त्यांना जोडलेले घोडे पुष्कळदा रेसमधून रिटायर झालेले स्टँडर्डब्रेडच असतात. हॉर्न मारू नका, स्पीड कमी करा, समोरचा रस्ता मोकळा दिसला की भरपूर जागा सोडून हळूच पुढे जा.