टीव्हीवरचा कॅसेट-गेम हातात आणायचा तर: आधी बॅटरी, शेवटी डबा

टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम बॅटरीवर चालणारा, हातात धरून खेळता येईल असा करायचा, या कामाला हात घालणारा प्रत्येक जण आधी डबा शोधतो. माझा भाचा आला तोच प्लास्टिकचा डबा काखेत मारून. "मामा, ह्यात बसतंय का ओ सगळं?" म्हटलं, बसायचं नंतर बघू, आधी चालायला पाहिजे की.

मी चादरीच्या कारखान्यात वायरमन. दिवसभर मागाच्या मोटरी आणि स्टार्टर, हे उद्योग रात्री. सोलापुरात उन्हाळ्यात लाईट गेली की टीव्ही बंद, आणि लाईट असली की टीव्हीवर घरच्यांची मालिका. पोरांनी खेळायचं कधी? मोबाईलवर तेच गेम चालतात, मान्य. पण कॅसेट खटकन बसवून, खरं बटन दाबून खेळायची मजा काचेवर बोट घासून येत नाही. ज्यांना येते त्यांनी इथेच थांबावं, पैसे वाचतील.

कन्सोल, म्हणजे गेमचं मशीन, घ्यायचा तो साठ पिनांच्या कॅसेटचा, स्वस्तातला नकली. मूळ मशीन म्हणजे निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम, तो जपानात १९८३ साली आला. आपल्याकडे घरोघर खेळले गेले ते बहुतेक त्याचे नकली भाऊ. आपल्या कामाला हे भाऊच बरे, कारण मूळ मशीनमध्ये प्रोसेसर वेगळा, चित्राची चिप वेगळी. नंतरच्या नकलीत हे सगळं एकाच चिपमध्ये येतं, आणि वर काळ्या डांबरासारखा थेंब असतो. त्या थेंबाला खरवडायचं नाही, त्याच्या आसपास ड्रिलही चालवायचं नाही. मला असा एक कन्सोल सोलापूरच्या गड्डा जत्रेत खेळण्यांच्या स्टॉलवर मिळाला. घेताना मागे पिवळं-पांढरं सॉकेट आहे ना बघा. नुसतं अँटेनाचं सॉकेट असलं तरी अडत नाही, आत पत्र्याच्या डबीत जाणाऱ्या तारांपैकी एकीवर चित्र असतंच, पण ती हुडकत बसावं लागतं.

आता बॅटरी. या कामात मोठ्या कंपन्यांचीही दमछाक झाली ती इथेच. सेगाने १९९५ मध्ये आपल्या घरच्या कन्सोलचा हातातला अवतार काढला, नोमॅड. त्याला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि दोन-तीन तासांत ते संपायचे. त्याआधी १९८९ चा हातातला गेम बॉय चारच सेलवर कितीतरी जास्त चालायचा, कारण त्याचा पडदा बिनरंगाचा आणि मागे दिवाच नाही. म्हणजे खाणारा कोण? पडद्यामागचा दिवा. हिशेब तिथूनच मांडायचा.

पडदा मी गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा घेतो, ४.३ इंची. पिवळ्या पिनेतून चित्र घेतो, कार ॲक्सेसरीच्या दुकानात सहज मिळतो. तो साधारण २ वॅट खातो. कन्सोल आणि आवाज मिळून १ वॅट धरा, बूस्टमध्ये (सेलचे व्होल्ट चढवणाऱ्या छोट्या पट्टीत) वाया जाणारं धरून साडेतीन. २६०० एमएएचचा एक १८६५० सेल (लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसा गोल लिथियम सेल) म्हणजे ३.७ ने गुणून साधारण ९.६ वॅट-तास. एका सेलवर पावणेतीन तासांच्या आसपास खेळ होतो. मी दोन सेल समांतर जोडतो. जोडायच्या आधी दोघांचे व्होल्ट मीटरवर सारखे आले पाहिजेत, नाहीतर भरलेला सेल रिकाम्यात एकदम करंट ओततो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल घेणार असाल तर फुगलेला, गंजलेला, आपोआप उतरणारा सेल बाजूला काढा. सेलवर थेट सोल्डर मारू नका. होल्डर वापरा, नाहीतर पट्टी स्पॉट वेल्डिंग करून घ्या. सेलच्या प्लसला २ अँपिअरचा फ्यूज घाला. दहा-वीस रुपयांची चीज आहे, त्यात कंजूषी नको.

चार्जिंगला टीपी४०५६ ची पट्टी, पण सहा टोकांची, म्हणजे जिच्यावर सेलच्या संरक्षणाची चिपही असते. सेल बी-प्लस, बी-मायनसला. पुढचं सगळं आउट-प्लस, आउट-मायनसवरून. मुख्य स्विच आउट-प्लसवर. चार्जिंग चालू असताना खेळायचं नाही, कारण सेल भरला हे ती पट्टी उतरत्या करंटवरून ओळखते. मधेच गेम करंट खेचत राहिला तर तिला ते कळत नाही.

पुढे एमटी३६०८ चे दोन बूस्ट लागतात, एक ५ व्होल्टला, दुसरा पडद्याला. याचा छोटा पितळी स्क्रू नवशिक्यांना रडवतो. मीटर लावून स्क्रू डावीकडे फिरवता, आकडा हलत नाही. अजून फिरवता, तरी नाही. पोरं म्हणतात, मामा, माल खराब आलाय. माल चांगला असतो, स्क्रू वरच्या टोकाला असतो. पंधरा-वीस वेढे गेले की आकडा एकदम पळायला लागतो. म्हणून हे सगळं कन्सोल न जोडता करायचं. ५ वर आकडा थांबला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब. बायकोची बाटली विचारून घ्यावी.

कन्सोल उघडलात की पाठीवर ॲल्युमिनियमची पट्टी लावलेला तीन पायांचा ७८०५ दिसेल. ॲडॅप्टरचे ९ व्होल्ट तो ५ वर आणतो आणि उरलेले उष्णतेत घालवतो. आपल्याला तो नकोच. तो उपटा आणि बूस्टचे ५ व्होल्ट त्याच्या तिसऱ्या पायाच्या भोकात द्या, मायनस मधल्या भोकात. पहिलं भोक मोकळं. टीव्हीला जोडून गेम सुरू झाला की पुढे.

पडद्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण पुरवठा १२ वरून हळूहळू खाली आणत चित्र बघा. माझ्या पडद्याचं चित्र ९ पर्यंत टिकलं, म्हणून मी बूस्ट ९ वर ठेवला. सेलचे ३.७ चढवून १२ करण्यापेक्षा ९ करताना बूस्ट कमी तापतो. चित्रात तिरप्या रेघा सरकायला लागल्या तर दोष बहुधा बूस्टचा. त्याच्या आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि सोबत ०.१ चा छोटा सिरॅमिक लावा. आणि सगळ्या मायनस वायरी एकाच बिंदूला आणा, इकडून तिकडे साखळी करू नका.

आवाजाला पीएएम८४०३, म्हणजे स्पीकर चालवणारी ॲम्प्लिफायरची चिप. तिच्या स्पीकरची एकही तार मायनसला लावायची नाही. दोन्ही तारांवर सिग्नल असतो, एक जरी टेकली तरी चिप मरते.

पॅडवर, म्हणजे हातात धरायच्या बटनांच्या रिमोटवर, मात्र वेळ द्या. कन्सोलकडे जाणाऱ्या त्याच्या पाच तारा जशाच्या तशा राहू द्या: ५ व्होल्ट, मायनस, लॅच, क्लॉक, डेटा. पॅडची पट्टी मधून कापायचा मोह होतो, डावीकडे बाण, उजवीकडे ए-बी. कापा, पण थेंब असलेली बाजू राखून. बटनाखालच्या काळ्या कार्बनवर सोल्डर धरत नाही. त्या ठिपक्यातून निघणारी रेघ शोधा, ब्लेडने वरचा हिरवा रंग नखाएवढा खरवडा, तांबं चकाकलं की आधी तिथे थोडं सोल्डर चढवून मग बारीक तार. प्रत्येक तारेनंतर मीटरचा बीप ऐका. सगळ्या तारा लावून एकदम तपासलंत तर चूक कुठे झाली ते हुडकत रात्र जाईल.

कॅसेटचं सॉकेट बोर्डवरून काढू नका. साठ तारा ओढणं शक्य आहे, पण शहाणपणाचं नाही. कॅसेट पाठीमागे उभी राहील, डबा जाड होईल, होऊ दे.

आता डबा. वायरिंगच्या दुकानातला पीव्हीसी सरफेस बॉक्स मला सगळ्यात आवडतो. कापायला सोपा, स्क्रूला धरतो. आधी पुठ्ठ्यावर साचा कापा. आमच्याकडे जकार्डची (मागावर नक्षी विणायच्या यंत्राची) भोकं पाडलेली जुनी कार्डं पडून असतात, ती इतकी ताठ असतात की पडद्याची चौकट, बटनांची भोकं सगळं त्यावर बसवून हातात धरून बघता येतं. अंगठा बाणांवर आरामात पोचतो का, सेलच्या वजनाने डबा एका बाजूला झुकतो का, हे कागदावरच्या रेखाटनात कळत नाही. सेल मधोमध, खाली. स्पीकर पडद्याच्या खाली, तळव्याने झाकला जाईल असा नको.

वायरी बांधायला प्लास्टिक टाय वापरू नका, त्यांची डोकी डब्यात जागा खातात. सुताला मेण ओढा आणि बोटभर अंतरावर गाठी मारत जा. बॉबिनवर उरलेलं सूत आमच्याकडे फुकट, तुम्हाला कुठल्याही दुकानात मिळेल. बोर्डाच्या खाली शॉर्ट होऊ नये म्हणून कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारा पिवळट टेप), तो नसेल तर एक्स-रेच्या जुन्या फिल्मचा तुकडा.

झाकणाला स्क्रू मारायच्या आधी तासभर उघड्यावर खेळवा आणि दोन्ही बूस्टना बोट लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर डब्यात ते आणखी तापणार, तिथे हवेची भोकं पाडा. कॅसेट चालेना तर तोंडाने फुंकू नका, थुंकीने पिना गंजतात. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. आणि मे महिन्यात हा डबा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. बाहेर बेचाळीस असताना आत किती होतं ते मीटर न लावताही कळतं, आणि ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करायचा नसतो. घरी आणून, पंख्याखाली थंड होऊ देऊन मगच चार्जर लावा.