नाण्यांचं मशीन पेव्हर ब्लॉकवर बसवू नका

सेल्फ-सर्व्हिस कार वॉशमधलं नाण्यांवर चालणारं व्हॅक्यूम मशीन पेव्हर ब्लॉकवर बसवलं, तर चोर पहारीने ते ब्लॉकसकट उचकटतात. खाली काँक्रीटचा पाया हवा. बोल्ट कडेपासून आत घ्या, नाहीतर कड फुटते. ड्रिल लावण्याआधी मेन स्विच बंद करा आणि वायरचा पाइप कुठून गेलाय ते बघा. केमिकल अँकर (भोकात केमिकल भरून चिकटवलेला बोल्ट) असेल तर भोकात हवा मारा, ब्रशने घासा, पुन्हा हवा मारून धूळ काढा. इथेच मिस्त्री घाई करतात, आणि धुळीला चिकटलेला बोल्ट पुढे ओढला की सुटून येतो. केमिकल सुकायचा वेळ ट्यूबवर छापलेला असतो, तोवर नट आवळू नका. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या, कारण साबणाच्या पाण्यात साधं लोखंड गंजतं. नट शक्यतो मशीनच्या आत, कुलपामागे येऊ द्या. गल्ला मात्र रोज रिकामा करा.