करडईच्या पिवळ्यातून कुरेनाई: जपानचा जुना लाल रंग कसा काढावा, कसा सांभाळावा

कुरेनाई हा जपानचा जुना लाल रंग, आत गुलाबी झाक असलेला. ज्या फुलातून तो निघतो त्याला तिकडे बेनिबाना म्हणतात आणि आपण करडई. हो, जिचं तेल आपण खातो आणि जिच्या कोवळ्या पाल्याची भाजी करतो, तीच. कुसुंबी हा शब्द आपल्याकडे याच फुलावरून आला. शब्द माझ्या ओळखीचा होता, रंग काढायची रीत मात्र मी जपानी पद्धतीवरून शिकले. ती घरच्या मोरीतही जमते.

कुरेनाई हे नाव ‘कुरे नो आइ’वरून आलं, म्हणजे कुरेहून आलेला रंग. चीनमधल्या वू राज्याला जुने जपानी लोक कुरे म्हणत. पाकळीत पिवळा रंग भरपूर असतो आणि लाल एका टक्क्याहूनही कमी, त्यामुळे गडद कुरेनाई फार महाग पडे. हेइआन काळात (794 ते 1185) गडद छटा दरबारी अधिकाराच्या होत्या. साध्या माणसाला मुभा होती ती फिकट गुलाबीची. तिचं नावच ‘इक्कोन-झोमे’, एका किनाची रंगणी: एक किन, म्हणजे साधारण 600 ग्रॅम फुलात रेशमाचे दोन तागे. 927 साली पूर्ण झालेल्या एंगिशिकी या नियमसंग्रहात गडद लालासाठी याच्या दसपट फुलं लिहिली आहेत. माणसाचा मान फुलांच्या वजनात मोजला जाई.

या रंगाला दुसराही अर्थ चिकटला. आठव्या शतकातला कवी ओतोमो नो याकामोची याने बायकोला विसरून एका गणिकेच्या नादी लागलेल्या आपल्या हाताखालच्या माणसाला कवितेतून समजावलं: कुरेनाई उडून जाणारा रंग आहे, ओकच्या फळांनी रंगवलेल्या, अंगवळणी पडलेल्या जुन्या वस्त्राची सर त्याला नाही. हे फक्त काव्य नाही. हा रंग खरोखरच उडतो, आणि तो वापरताना ते आधी मनात धरावं लागतं.

फुलं

जपानात यामागाता हा या फुलाचा मुलूख. तिथे जुलैच्या सुरुवातीला भल्या पहाटे पाकळ्या खुडतात, कारण दवाने काटे नरम पडलेले असतात. आपल्याकडेही करडईची काढणी पहाटे करतात, ती याच कारणाने. तिकडे पाकळ्या धुऊन, आंबवून, कांडून त्यांच्या चकत्या वाळवत, त्यांना बेनिमोची म्हणत. एदो काळात (1603 ते 1868) या चकत्या मोगामी नदीने साकाता बंदरात आणि तिथून समुद्रमार्गे क्योतोकडे जात.

आपल्याला सुक्या पाकळ्या पुरतात. शेतातून आणत असाल तर फूल कोमेजू लागून पाकळ्या लालसर झाल्यावरच ओढून घ्या. विकत घेताना सुट्या, नारिंगी-लाल पाकळ्या बघा. फिकट पिवळ्या जुनाट पाकळ्यांतून काही हाती लागत नाही.

100 ग्रॅम पाकळ्यांना 100 ग्रॅम सुती कापड घ्या, म्हणजे मलमलीची हलकी ओढणी. पहिल्यांदा सुतीच घ्या, कारण रेशीम पिवळाही धरतं, सूत मात्र लालच उचलतं. कापड कोरं असेल तर सोडा घालून उकळून खळ काढा. पातेलं स्टीलचं किंवा बादली प्लास्टिकची, ॲल्युमिनियम नको.

पिवळा घालवायचा

पाकळ्या फडक्यात सैल बांधा आणि रात्रभर गार पाण्यात ठेवा. सकाळी पुरचुंडी चोळून पिळा, पाणी बदला, परत चोळा. पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत हेच. आठ-दहा पाणी सहज लागतात. इथे घाई केली की पुढचा लाल मळकट होतो. पिवळं पाणी फेकू नका, तुरटी लावलेलं रेशीम त्यात सुंदर रंगतं.

पाणी गारच हवं. पहिल्या खेपेला मी लवकर उरकावं म्हणून पाणी तापवलं आणि लालच्या जागी तपकिरी डाग घेऊन बसले. उष्णतेने हा लाल मोडतो. जुने जपानी रंगारी ऐन थंडीत काढलेला लाल सर्वांत चांगला मानत. आपणही पौष-माघातली सकाळ धरावी.

लाल सोडवायचा

हा लाल साध्या पाण्यात उतरत नाही, त्याला खार लागतो. जपानात गवताच्या राखेचं पाणी घेतात. आपण 3 लिटर गार पाण्यात धुण्याच्या सोड्याचे सपाट 2 चमचे विरघळवू. पीएच पट्टी, म्हणजे पाणी किती आंबट की खारट ते दाखवणारा कागद, 11 च्या आसपास दाखवेल. हातमोजे घालून पुरचुंडी त्यात अर्धा तास मळा आणि घट्ट पिळून काढा. खारात लाल फार वेळ टिकत नाही, म्हणून ते पाणी तसंच ठेवून बाहेर जाऊ नका. ते तपकिरी, गढूळ दिसेल. घाबरू नका.

आता सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, थोडं-थोडं घाला. फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. पट्टी 6 वर आली की थांबा. तपकिरी पाणी डोळ्यांदेखत लाल होतं. मी कितीदा पाहिलं तरी दर वेळी श्वास रोखूनच पाहते. क्योतोचे जुन्या पद्धतीचे रंगारी इथे धुरावलेल्या आंबट प्लमचं पाणी वापरतात. त्याला उबाई म्हणतात आणि ते नारा प्रांतातल्या त्सुकिगासेत अजून बनतं.

ओलं केलेलं कापड लगेच बुडवा, सारखं हलवत राहा आणि चार-पाच तास, जमल्यास रात्रभर ठेवा. तेवढ्यात त्याच पाकळ्या दुसऱ्यांदा सोड्यात मळा. गडद रंग हवा असेल तर नव्या पाकळ्या घेऊन परत बुडवा. एका बुडीत गुलाबीच मिळतो, कुरेनाई थरांनीच चढतो. शेवटी लिंबाच्या चार थेंबांच्या गार पाण्यातून काढून सावलीत वाळवा.

वापरताना

उन्हात वाळवू नका, साबण लावू नका. साबणात खार असतो आणि खाराने आपण हा रंग सोडवला होता, तोच परत सुटेल. खिडकीच्या पडद्याला हा रंग नको. आतल्या अस्तराला हवा. जपानी बायका किमोनोला आतून ‘मोमी’ नावाचं लाल रेशीम लावत. हा लाल अंगाला ऊब देतो असा समज होता, आणि आत राहिल्याने रंगाचं उन्हापासून रक्षणही होई.

मोमीचा भगव्याकडे झुकणारा लाल हवा असेल तर तिकडच्यासारखीच आपल्या ओळखीची हळद आधी लावा. कापड हळदीच्या पाण्यात उकळून, निथळून, पूर्ण गार झाल्यावर करडईत घाला. क्रम उलटा नको. हळद उकळावी लागते, आणि त्या उकळीत लाल उरणार नाही.