पुराची खबर रेडिओवर: खानदेशात हॅम नेट कसं उभारायचं

अमेरिकेत एक भन्नाट छंद आहे. घरात स्कॅनर (वेगवेगळ्या लहरी धुंडाळणारा रेडिओ) लावून पोलिसांचं, अग्निशामक दलाचं बोलणं ऐकायचं आणि कुठे आग लागली, अपघात झाला की गटातल्या सगळ्यांच्या पेजरवर, आता मोबाइलवर, दोन ओळींचा निरोप टाकायचा. आपल्याकडे याची नक्कल करायला जाऊ नका. पोलिसांच्या वायरलेसवर परवानगीशिवाय कान लावणं आपल्या कायद्यात बसत नाही, आणि ‘मी नुसतं ऐकत होतो’ ही सबब चालत नाही.

मग आपण काय करायचं? दुसऱ्याचं चोरून ऐकण्यापेक्षा स्वतःची माणसं पेरायची. म्हणजे हॅम नेट: परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, एकाच लहरीवर येऊन एकमेकांना निरोप देतात. नदीच्या वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला एक.

सुरुवात परवान्यापासून. दूरसंचार विभागाची हौशी रेडिओची परीक्षा वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की देता येते. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांचा वेग हवा. रिस्ट्रिक्टेडची कॉल-साइन (रेडिओवरचं तुमचं नाव) व्हीयू३ ने सुरू होते, जनरलची व्हीयू२ ने. कागदपत्रांना वेळ लागतो, तेव्हा पुढच्या पावसाळ्याची तयारी या दिवाळीत सुरू करा. आणि परवान्याआधी हँडसेट मागवू नका. ऑनलाइन स्वस्तात दिसतात खरे, पण नियमबाह्य वॉकीटॉकी विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन दुकानांनाच नोटिसा धाडल्या आहेत.

परवाना येईपर्यंत नकाशा काढा. बहुतेक जण अँटेनापासून सुरुवात करतात; मी म्हणतो, नदीपासून करा. पांझरा साक्रीकडून येते, धुळे शहरातून जाते आणि मुडावदला तापीला मिळते. म्हणजे साक्रीच्या बाजूला बसलेला एक हॅम धुळ्यातल्या दहा जणांपेक्षा मोलाचा. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडताना प्रशासन इशारा देतं. खरी फजिती लहान नद्या करतात. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरीचं पाणी थेट बाजारपेठेत शिरलं, कन्नड घाटात दरड कोसळून रस्ताही बंद झाला. अशा वेळी घाटाच्या पायथ्याच्या गावातून आलेला एक निरोप शहराला सामान वर उचलायला अवधी देऊ शकतो.

आता अंतराचं गणित. दोन मीटर बँडच्या (नाव लहरीच्या लांबीवरून), म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा, दोन्ही टोकांची बेरीज करा. दोन्हीकडे १० मीटर उंची असेल तर सुमारे २६ किलोमीटर येतात. जळगाव ते भुसावळ जेमतेम बसतं. जळगाव ते चाळीसगाव नाही बसत. सातपुड्यात तर डोंगरच आडवा येतो. अक्राणीच्या पाड्यांवर मोबाइल रडतो तसा हाही रडेल.

तिथे चाळीस मीटर बँड वापरा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी तांब्याच्या तारेचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकी १० मीटर, आणि मधोमध संचाकडे जाणारी केबल जोडा. तार फार उंच नेऊ नका. पाच-सात मीटरवर, दोन निंबांच्या मध्ये बांधली तरी झालं. उंची कमी असल्याने लहर सरळ वर जाते आणि आभाळातून परत खाली, डोंगरापलीकडे उतरते. दिवसा सगळा खानदेश यात येतो. रात्री मात्र हाच बँड शेजाऱ्यांना विसरतो आणि लांबच्यांशी गप्पा मारतो. तेव्हा ऐंशी मीटरवर जावं लागतं, तिथली तार दुप्पट लांब.

१०० वॉटचा संच बोलताना २० अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे यूपीएसची चिमुकली बॅटरी त्याच्यापुढे टिकत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी उत्तम. वीज कडाडायला लागली की केबल संचातून काढून घराबाहेर ठेवा. रावेर-यावलकडे केळी आडवी करणारं वादळ अँटेनालाही सोडत नाही.

यंत्रापेक्षा अवघड काम निरोपाचं. निरोपात चार गोष्टी हव्यात: ठिकाण, वेळ, काय घडलं, आणि स्वतः पाहिलं की ऐकलं. उदाहरणार्थ: ‘पांझरा, जुना पूल. सकाळी सहा-दहा. पाणी कठड्याला लागलं. स्वतः पाहिलं. ओव्हर.’ चौथी गोष्ट गाळली तर तुमचं नेट म्हणजे अँटेना लावलेला व्हॉट्सअॅप ग्रुप. ऐकीव बातमी सांगायला हरकत नाही, पण ‘ऐकीव’ हा शब्द आधी उच्चारा.

आकडे सुटे बोला. खरखरीत एकोणसाठ की एकोणसत्तर हे कुणाला कळणार? ‘सहा-नऊ’ म्हणा. गावासोबत तालुका सांगा. पिंप्री आणि पिंपळगाव आपल्याकडे किती आहेत ते मोजायला बसू नका. बाकी ‘भाऊ, नदीले पूर उना’ असं अहिराणीत सांगितलंत तरी चालेल, उलट खोटं वाटणार नाही.

एक जण नेट कंट्रोल नेमा. कोण कधी बोलेल ते तोच ठरवेल, प्रत्येक निरोप वहीत वेळेसह लिहील आणि परत वाचून दाखवेल. जिवाचा धोका असेल तर आधी ११२ ला फोन, नंतर रेडिओ. फोन लागत नसेल तर नेटवरच्या ज्याचा लागतो त्याने करावा. तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला उन्हाळ्यातच भेटून ठेवा, म्हणजे पुराच्या रात्री ‘तुम्ही कोण?’ पासून सुरुवात होणार नाही. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ आणि विजांसाठी ‘दामिनी’ ही सरकारी अॅप कंट्रोलच्या मोबाइलवर असू द्या.

आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं सराव करा. महिन्यातून एकदा घरची वीज मुद्दाम बंद करून. पहिल्या खेपेला निम्मे संच गप्प राहतील. कुणाची बॅटरी उतरलेली, कुणाची पिन गंजलेली. वहीत नावापुढे कारण लिहा आणि पुढच्या आठवड्यात त्यालाच आधी हाक मारा.